गाडी स्टार्ट होत नाहीये? आधी चावीवरचा हात काढा

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतरच्या महिन्यात कराडला माझ्या मामाच्या गॅरेजमध्ये तिकडच्या बऱ्याच गाड्या टोचन करून आल्या. त्यातल्या दोन अगदी सारख्या होत्या, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, पेट्रोल, आणि एकाच गल्लीत उभ्या होत्या. पहिल्या मालकाने पाणी उतरल्यावर गाडीला हातच लावला नव्हता, बॅटरीची वायर काढून ठेवली आणि फोन केला. दुसऱ्याने "बघू तरी होते का चालू" म्हणून सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारला, एकदा ठक्क करून अडकली, परत मारला, मग चार पोरं लावून धक्का दिला.

पहिल्या गाडीचे प्लग मामाने माझ्यासमोर काढले, वर कापड धरलं आणि सेल्फ मारायला सांगितला. प्लगच्या भोकांतून गढूळ पाण्याची कारंजी उडाली, बॉनेटला जाऊन लागली. ऑइल दोनदा बदललं, फिल्टर बदलले, तिसऱ्या दिवशी इंजिन चालू. दुसरीचं इंजिन उघडलं तर एक कनेक्टिंग रॉड (पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा) धनुष्यासारखा वाकलेला आणि ब्लॉकला आतून तडा. मामा एवढंच म्हणाला, "अरे, पाण्याने नाही मेली ही, चावीने मेली."

मी मेकॅनिक नाही, पण कॉलेजची चार वर्षं त्या गॅरेजमध्ये पाने उचलून दिलेत आणि नंतर माझ्या स्वतःच्या गाडीचं इंजिनही एकदा उतरवून घेतलंय, त्यामुळे हे सगळं मनापासून लिहितोय. गाडी स्टार्ट न होणं दहातल्या आठ वेळा किरकोळच असतं, बॅटरी नाहीतर टर्मिनल, पण उरलेल्या दोन वेळा तुम्ही पुढच्या पाच मिनिटांत काय करता त्यावर खर्च काही हजारात राहणार का लाखावर जाणार हे ठरतं.

सगळ्यात आधी माणसं, मग गाडी

रस्त्यात बंद पडली असेल तर हजार्ड लाइट लावा, गती असेतोवर डावीकडे घ्या. इंजिन बंद पडलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर तर लाकडासारखा कडक होतो, घाबरायचं नाही, जोर लावून दाबायचा. चावी पूर्ण काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. हायवेला असाल तर सगळ्यांना खाली उतरवून डावीकडच्या रेलिंगच्या पलीकडे उभं करा, गाडीत बसवून ठेवू नका, आणि लाल त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवा, घाटात वळणाच्या अलीकडे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, बाकी कुठेही ११२.

आता कान द्या

चावी एकदा फिरवा, पाच सेकंद, आणि आवाज ऐका. फक्त ऐका. (बटनवाली गाडी असेल तर तेच बटन, क्लच किंवा ब्रेक दाबून.) पुढचं सगळं त्या आवाजावर आहे आणि फोनवर मेकॅनिकला सांगायलाही तोच उपयोगी पडतो, "चालू होत नाही" एवढं सांगून त्याला काहीच कळत नाही.

पण त्याआधी स्वतःला विचारा, गेल्या तासाभरात गाडी पाण्यातून गेली का, टेम्परेचरचा काटा वर गेला होता का, ऑइलचा लाल दिवा लागला होता का, चालता चालता काही तुटल्याचा आवाज येऊन बंद पडली का. यातलं एक जरी "हो" असेल तर ती पाच सेकंदाची चावीसुद्धा फिरवू नका, सरळ खाली गंभीर भागाकडे जा.

काहीच आवाज नाही, किंवा टकटकटकटक

ही बॅटरी. हेडलाइट लावा आणि कुणाला तरी चावी मारायला सांगा. लाइट एकदम मिणमिणती झाली की बॅटरी बसलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा, हललं नाही पाहिजे. पांढरी-हिरवी पावडर धरली असेल तर वायर काढून (आधी काळी म्हणजे निगेटिव्ह, लावताना ती शेवटी) गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करून घट्ट बसवा, वरून व्हॅसलीन लावा. मी किती वेळा पाहिलंय की माणसाने नवी बॅटरी घेतली आणि दोष निघाला टर्मिनलच्या नटात.

घरात तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीत जीव राहिलेला नाही. आणि गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दाखवत नसेल, १२ वरच रेंगाळत असेल, तर बॅटरी नाही, अल्टरनेटर चार्ज देत नाहीये, नवी बॅटरी टाकली तरी दोन दिवसात हाच प्रकार.

जंपर केबलचा क्रम पाठ करून ठेवा, गडबडीत चुकतोच. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना चिकटलेल्या नकोत. लाल केबल आधी आपल्या बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग दुसऱ्या गाडीच्या प्लसला. काळी दुसऱ्या गाडीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला नाही, आपल्या इंजिनच्या एखाद्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून लांब. मग दुसरी गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा आणि आपली मारा. काढताना बरोबर उलट्या क्रमाने. लाल-काळं उलट लागलं तर ईसीएम (गाडीचा कॉम्प्युटर), अल्टरनेटर काहीही जळू शकतं, त्यामुळे अंधारात मोबाइलचा टॉर्च मारून प्लस-मायनसची खूण बघितल्याशिवाय लावू नका.

एकच "टक्" आणि लाइट मात्र झक्क

बॅटरी ठीक, सेल्फ अडकलाय. त्याच्या आतले कार्बन झिजलेत किंवा सोलेनॉइड (त्याचा विजेचा स्विच) चिकटतोय. गिअर न्यूट्रलला आहे ना, ऑटोमॅटिक असेल तर पी किंवा एन मध्ये आहे ना, क्लच पूर्ण दाबलाय ना हे आधी बघा. मग एकजण चावी धरून ठेवेल आणि दुसरा सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या मागच्या बाजूने हलके ठोके मारेल, बऱ्याचदा तेवढ्यावर घरापर्यंत जाता येतं. मॅन्युअल गाडीला धक्का स्टार्टही चालतो, चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवायचा, गती आली की सोडायचा. पण तेही फक्त इथेच किंवा बॅटरी बसल्यावर. पाण्यात बुडालेल्या, तापलेल्या किंवा बेल्टचा संशय असलेल्या गाडीला धक्का अजिबात नाही.

सेल्फ नीट फिरतोय, पण इंजिन पकडत नाही

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण सेल्फ फिरतोय म्हटल्यावर हात थांबत नाही. नियम असा ठेवा, एका वेळी जास्तीत जास्त दहा सेकंद, मधे एक मिनिट विश्रांती, आणि तीनच प्रयत्न. त्यापुढे बॅटरी बसते, सेल्फ तापतो आणि मूळ दुखणं तिथंच.

डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकतंय का बघा. ते इमोबिलायझर, गाडी चावी ओळखत नाहीये. रिमोटचा सेल संपलेला असेल तर बऱ्याच बटनवाल्या गाड्यांत रिमोट स्टार्ट बटनाला टेकवून दाबलं की चालू होते. दुसरी चावी असेल तर ती लावा.

मग पेट्रोल. काट्यावर विश्वास ठेवू नका, उतारावर उभी असेल तर टाकीत थोडं असूनही पंपाला मिळत नाही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद हलकं "हुंऽऽ" ऐकू येतं, तो फ्युएल पंप. येत नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघा, सारख्याच नंबरचा दुसरा रिले बदलून लावून बघता येतो. फोर्ड आणि फियाटच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत धक्का बसल्यावर पेट्रोल तोडणारा स्विच असतो, जोराच्या खड्ड्यानेही पडतो, तो दाबून परत बसवायचा, जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

पावसाळ्यात आणि शेताकडेला घर असेल तर उंदीर. उंदराने कुरतडलेली एक बारीक वायर शोधायला मामाने एकदा पूर्ण दिवस घालवलाय. बॉनेटखाली लेंड्या, दाण्यांची टरफलं, इन्सुलेशनचा भुगा दिसला तर मेकॅनिकला आधी तेच दाखवा, तो सेन्सर बदलत बसणार नाही.

गाडी गरम असताना बंद पडते, अर्ध्या तासाने गार झाली की निमूट चालू होते, असं असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय का हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर) संशय घ्या. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बऱ्याच गाड्यांत थोडासा हलतो, तो एकदम मेल्यासारखा शून्यावर असेल तर संशय अजून पक्का.

पेट्रोल गाडी नुसती सुरू करून दोन फूट पुढे घेऊन बंद केली आणि आता चालूच होत नाही, पेट्रोलचा वास येतोय, तर प्लग भिजलेत. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवा आणि सेल्फ मारा, इंजेक्शनवाल्या बहुतेक गाड्यांत अशा वेळी इंधन बंद होतं आणि आत हवा जाते. डिझेल गाडीला थंडीत गुंडाळीच्या खुणेचा दिवा (ग्लो प्लगचा, तो सिलिंडर आधी गरम करतो) विझेपर्यंत थांबून मगच चावी पुढे न्या, आणि डिझेल संपून बंद पडली असेल तर नुसतं डिझेल भरून भागत नाही, लाइनमध्ये हवा धरलेली असते, फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबायचा.

आता गंभीर प्रकार

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भिर्रर्र असा एकसारखा फिरतोय, मधला तो "कुंय-कुंय" ठेका गायब. म्हणजे इंजिनात कॉम्प्रेशन नाही (पिस्टन हवा दाबत नाहीये), आणि चालता चालता अचानक बंद पडली असेल तर टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि वॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा) तुटल्याची शक्यता मोठी. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत काही वॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टन वर येऊन त्यांना ठोकतो. पुन्हा सेल्फ मारणं म्हणजे उरलेले वॉल्व्हही वाकवणं. मारुतीच्या के-सिरीजला चेन आहे, पण रेनोचं १.५ डिझेल किंवा फोक्सवॅगनचं १.५-१.६ डिझेल यांना बेल्ट आहे. आपल्या गाडीला काय आहे आणि किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा हे आजच मॅन्युअलमध्ये बघा, सेकंडहँड घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे बिल नसेल तर बदललाच नाही असं समजून चाला. बेल्टबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, कारण मजुरी तीच लागते.

सेल्फ मारताच ठक्क, आणि जागीच थांबलं. पाण्यातून आलेल्या गाडीत हा हायड्रोलॉक. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, एवढंच त्याचं शास्त्र. आपल्या साध्या १२०० सीसी चार सिलिंडरच्या गाडीत पिस्टन पूर्ण वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जागा उरते साधारण ३०-३५ मिली, कटिंग चहाचा ग्लाससुद्धा भरणार नाही एवढी. डिझेलमध्ये त्याहून कमी. त्यापेक्षा जास्त पाणी आत गेलं की पिस्टनला जायला जागाच नाही आणि मग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला तो दिवस मुंबईत आठवणारे पुष्कळ आहेत, पण इंजिन मरायला एवढा पाऊस लागत नाही, अंडरपासमधलं साचलेलं पाणी पुरतं, कारण हवा ओढणारा पाइप बहुतेक गाड्यांत ग्रिलच्या मागे, हेडलाइटच्या बाजूला असतो.

पाण्यात गाडी बंद पडली तर चावी बंद, ढकलून कोरड्या जागी, शक्य असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअर फिल्टरचा डबा उघडा, फिल्टर ओला असेल तर पाणी आत गेलंय असं धरा. ऑइलची पट्टी काढा, पातळी वाढलेली किंवा रंग दुधाळ कॉफीसारखा असेल तर नक्कीच. फ्लॅटबेडवरच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) न्या, दोरीने ओढून नाही, आणि कुणी मदतीला येऊन "एकदा मारून बघू" म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. गॅरेजमध्ये प्लग किंवा डिझेल असेल तर ग्लो प्लग नाहीतर इंजेक्टर काढायचे, मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, फिरण्याच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवायचं. न अडता फिरलं तर मगच सेल्फने पाणी बाहेर. हे दोन-तीन दिवसांच्या आत व्हायला हवं, नंतर आत गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा अडकतात.

तिसरा प्रकार, इंजिन तापण्याचा, माझा स्वतःचा. कुंभार्ली घाट, मे महिना, एसी चालू, चार माणसं. टेम्परेचरचा काटा अर्ध्यावरून वर सरकताना मला दिसला होता आणि मी "वरती गेल्यावर थांबू" असं ठरवलं. तीन किलोमीटर. त्या तीन किलोमीटरमध्ये हेड गास्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं आणि हेड वाकलं. रेडिएटरचा वरचा पाइप फाटला होता, पाइपाची किंमत किती असणार, आणि मी त्यावर हेडचं पूर्ण काम करून घेतलं. म्हणून सांगतो, काटा नेहमीच्या जागेवरून हलला की एसी बंद, हीटर फुल्ल गरमवर आणि पंखा जोरात (इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढली जाते), आणि पहिली सुरक्षित जागा मिळताच थांबा. टेम्परेचरचा लाल दिवा लागला असेल तर जागा चांगली आहे का हेही फार बघू नका, कडेला घ्या आणि बंद करा.

बंद केल्यावर किमान ४५ मिनिटं रेडिएटरच्या टोपीला हात नाही, दाबाखालचं उकळतं कूलंट तोंडावर येतं, मी भाजलेली माणसं पाहिलीत. तापलेल्या इंजिनवर बादलीभर गार पाणीही ओतायचं नाही, तडा जातो. गार झाल्यावर कूलंट भरा, आणि आधी गळती कुठंय ते शोधा. भरून चालू केल्यावर सायलेन्सरमधून सतत पांढरा गोडसर वासाचा धूर, कूलंटच्या टाकीत बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली मलई, यातलं काही दिसलं तर गास्केट गेलं, पुढे चालवू नका.

आणि ऑइलच्या किटलीचा लाल दिवा. हा दिवा "ऑइल बदला" असं सांगत नाही, आत्ता इंजिनात ऑइलचा दाब नाही असं सांगतो. दगड लागून खालचं ऑइलचं चेंबर फुटलं तर काही मिनिटांत बेअरिंगं घासली जातात, खालून ठक-ठक-ठक आवाज येतो जो ॲक्सिलरेटरबरोबर वाढतो, आणि मग इंजिन जाम. दिवा लागला की तिथेच बंद.

गॅरेजमध्ये गेल्यावर

"इंजिन खोलावं लागेल" असं ऐकलं की लगेच हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका, आधी एवढं करून घ्या: स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड, इंजिन हाताने फिरतंय का, आणि फिरत असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, चारही सिलिंडरचे आकडे कागदावर. आकड्यांमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एकाच सिलिंडरचा आकडा पडला असेल तर त्यात थोडं ऑइल टाकून परत टेस्ट, आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा गास्केट. ऑइल स्वच्छ भांड्यात काढायला सांगा आणि उन्हात बघा, चांदीसारखी चमक दिसली तर बेअरिंगचा धातू सुटलाय, मग नुसतं हेडचं काम करून पैसे वाया जातील.

हेड उतरवलं तर ते लेथवाल्याकडे सरळ पट्टी लावून तपासून घ्या, बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलीमीटरच्या आसपासचाच वाक चालतो. न तपासता नुसतं नवीन गास्केट टाकून बंद केलं की सहा महिन्यात परत तेच, माझ्या ओळखीत दोघांचं झालंय. हाफ इंजिनचं काम, पूर्ण इंजिन का जुनं इंजिन बसवायचं हे गाडीच्या आजच्या बाजारभावाशी ताडून ठरवा. दहा-बारा वर्षांच्या गाडीत निम्म्या किमतीचं इंजिनकाम मला तरी पटत नाही, पण गाडी बाकी ठणठणीत असेल, बॉडी गंजलेली नसेल तर वेगळा विचार होऊ शकतो. बदललेले सगळे जुने पार्ट परत मागून घ्या. दुसरं इंजिन बसवलं तर त्याचं बिल जपा आणि आरटीओत जाऊन आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या, नाहीतर विकताना आणि क्लेमच्या वेळी अडकाल.

विम्याचं आधीच बघून ठेवा. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पाणी शिरून झालेलं इंजिनचं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं, झिरो डेपमध्ये (बदललेल्या पार्टवर घसारा न कापणारं ॲड-ऑन) ते आपोआप येत नाही. पाणी शिरलं असेल तर गाडी हलवायच्या आधी पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा, कंपनीला कळवा, आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत मेकॅनिकला एक बोल्टही काढू देऊ नका. बुडालेली गाडी स्टार्ट करायचा प्रयत्न केला होता असं दिसलं तर क्लेम अडतो.

काम होऊन गाडी घरी आली की पहिले हजार किलोमीटर जपून, जास्त आरपीएम नाही, लोड नाही, घाट टाळता आला तर उत्तम. ५०० ते १००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला कारण नव्या रिंगांचा बारीक चुरा त्यातच असतो, आणि पहिले पंधरा दिवस रोज सकाळी गार इंजिनवर कूलंटची टाकी आणि ऑइलची पट्टी बघा, दोन मिनिटं लागतात. कूलंट रोज थोडं थोडं कमी होत असेल तर वरून भरत बसू नका, त्याच दिवशी गाडी परत गॅरेजला न्या.